काचेपलीकडचा हात

आयसीयूबाहेर माझ्या मागच्या बाकावर मायलेक बसले होते.

“तुझ्या बाबांनी आज काचेतून मला हात केला. माझ्या तर जिवात जीव आला.”

“आई, तो तुला नव्हता. डॉक्टर त्यांना हात पसरून स्थिर धरायला सांगत होते.”

“गप रे. मी पण केला की हात!”

“यकृत निकामी होत गेलं, की पसरलेला हात आपोआप फडफडतो. त्यावरून अंदाज बांधतात.”

“कसला?”

“यातून निघतील का, त्याचा.”

“काल नुसती बोटं हलत होती.”

“हो. आज अख्खा हात.”

“आता पुढे?”

“उद्या सकाळी पुन्हा बघून सांगणार आहेत.”

“मग त्याआधी मला आत सोडायला सांग.”

“कशाला?”

“मी त्यांचा हात खालून घट्ट धरते. हलूच देणार नाही.”