एकेचाळीस नंबरची हजेरी

नाही चाचा, साक्षीचं नका काढू माझ्याजवळ. अन् खाली कायले बसता, बाकावर बसा नं — कोळशाची भुकटी आहे तिथं, पायजमा खराब होईन. देऊळघाटाहून निघाले कधी? पहिल्या मोटारीनं? अन् खामगावात घरी नाही भेटलो तं इथं जलंबच्या फलाटापर्यंत आले माझ्यामागं! बाप्पा, या वयात. पाणी आणू का? नको? बरं. अकोल्याची गाडी यायले अजून अर्धा घंटा आहे, तवर बोलू आपण. पण पहिलेच साफ सांगून ठेवतो — उद्या बुलढाण्याले कोर्टात मी येत नाही. तुमचा वकील म्हणते, नीळकंठाले आणा, तो तुमच्या हैदरसंग कॉलेजात एका बाकावर बसे. बसत होतो. आता एका बाकावर बसलो म्हणून काय गुन्हा झाला? सोमवारी माझी बी.ए.ची परीक्षा सुरू होते चाचा. माझे बाबा मेहकरच्या तहसिलीत कारकून, औंदा रिटायर होतात, साहेबानं शब्द दिला आहे — पोरगा पास झाला की त्याले चिकटवू. सारं घर या एका परीक्षेकडं डोळे लावून बसलं आहे. मले नका ओढू यात.

हाव, मले ठाऊक आहे खामगावचे जिनिंग प्रेसवाले काय म्हणतात ते. म्हणतात, हैदर सोळा जानेवारीले कामावर नव्हताच. दिवसभर अकोल्याले कॉलेजात होता, संध्याकाळी परत आला, दोस्तांसंग गप्पा मारायले उगाच प्रेसमधी घुसला अन् यंत्राच्या पट्ट्यात सापडला. अन् कॉलेजातून कागदही आणला त्यांच्या वकिलानं — सोळा तारीख, एकेचाळीस नंबर, तिन्ही तासांले हजर. प्रेसची हजेरी मालकाच्या हातातली, अन् ज्यांनी पाह्यलं त्या मजुरांले उद्या तिथंच पोट भरायचं आहे, कोण तोंड उघडन? भरपाईच्या पैशाचं नाही म्हणता तुम्ही. समजते मले. पोरगा कामावर मेला एवढं कागदावर यावं, रिकामटेकडा फिरत मेला असं नको. पण चाचा, मी काय सांगू? रजिस्टरात हजर आहे म्हणजे... असन हजर.

असे नका पाहू.

हैदरसारखा रिकामा नसणारा माणूस मी पाह्यलाच नाही, खरं सांगतो. दम्यानं तुमचं कापूस पिंजायचं पिंजण खुंटीले लागलं तवापासून तो प्रेसमधी. पंधरा दिवस रातपाळी, पंधरा दिवस दिवसपाळी. रातपाळी असली की सकाळी तसाच स्टेशनावर ये — केसांत कापूस, भुवईत कापूस, कानात कापूस. मी म्हणो, अबे, आज सरकी तरी घरी ठेवून आला का नाही? अन् इथपासून अकोल्यापर्यंत गाडीत मी त्याचा कापूस वेचत बसो अन् तो मले अर्थशास्त्र सांगे. मास्तर दोन दोन घंटे जे इंग्रजीत सांगे नं, ते हा आपल्या बोलीत पाच मिनिटांत सांगे. कापसाचा भाव कोण ठरवते, कुठं ठरवते, सारं. पुस्तकातलं अन् प्रेसमधलं एकच आहे म्हणे, फक्त पुस्तकात धूळ नाही. वर्गात झोप लागली की मी चिमटा घेतला पाहिजे असा करार होता आमचा. दंड काळानिळा होऊन जाये त्याचा. तुम्ही विचारलं असन एखाद्या वेळी, हे कायचं म्हणून. विचारलं होतं? काय सांगतलं त्यानं? कापसाचा बोरा लागला म्हणून... हाव, तेच सांगन तो.

अन् दिवसपाळी आली की मंग कॉलेज कसं करायचं? दोन्ही जागी दिवसाच जा लागे. प्रिन्सिपॉलले भेटला, मुकादमाले भेटला, दोघंही म्हणाले — पाहा बाप्पा, एक काहीतरी सोड. हजेरी भरली नाही तं परीक्षेले बसू देत नाहीत, अन् पाळी चुकली तं दुसरा माणूस उभाच आहे. एक सोड म्हणणं सोपं आहे चाचा. काय सोडन तो? तुमची औषधं सोडन का पुस्तक सोडन? तवा मग मीच म्हटलं — मीच, त्यानं नाही मागतलं — म्हटलं, तू जा प्रेसमधी, तुझी हजेरी मी बोलतो.

झालं. निघालं तोंडातून. आता निघालंच आहे तं आइका.

सर चश्म्यातून रजिस्टर पाहत, पोरांकडं पाहतच नसत. चाळीस नंबर माझा, एकेचाळीस त्याचा. माझा आवाज बारीक, त्याचा भरडा. याच फलाटावर त्यानं मले शिकवलं — पोटातून बोल म्हणे, नरड्यातून नको. चाळीस — यस सर. मंग खाली मान घालून, एकेचाळीस — यस सर! हसून हसून लोळला होता तो, तिथं, त्या पाण्याच्या नळाजवळ. दोन वर्षं बोललो मी. कधी कोणाले कळलं नाही. दोन वर्षं त्याच्या नावानं मी हजर होतो चाचा, म्हणून तुमच्या घरी चूल पेटली, अन् म्हणून तो बी.ए. होणार होता. चांगलंच केलं नं मी? तेव्हा तं चांगलंच वाटे.

सोळा तारखेलेही बोललो. हाव. तिन्ही तास. तो दिवसपाळीले होता, सकाळी सातले माझ्यासमोर प्रेसच्या फाटकातून आत गेला, मले म्हणे — दुसऱ्या तासाच्या नोटा नीट घे बे, तुझं अक्षर तुलेही लागत नाही. अकरा वाजून गेले असतीन तेव्हा पट्ट्यानं त्याची बाही ओढली, मंग मजुरांनी सांगतलं मले. अन् अकराच्या तासाले मी पोटातून आवाज काढून राह्यलो होतो. एकच्या तासालेही काढला. तो तिकडं खाली पडलेला, अन् इकडं मी त्याले हजर करून राह्यलो. संध्याकाळी खामगावच्या स्टेशनावर उतरलो तं समजलं.

मातीले मी आलो नाही. तुम्ही मनात धरलं असन. बाबांले ताप होता म्हणून निरोप धाडला होता मी, तो खोटा होता. बाबांले काही नव्हतं. सकाळी उठलो, अन् देऊळघाटाकडं जायचं तं पाय स्टेशनाकडं गेले. रोजच्या गाडीत बसलो. समोरची जागा मोकळी होती, तिथं कोणाले बसू दिलं नाही. मले काय वाटलं सांगू? हसाल. वाटलं, आज मी नाही गेलो तं हैदरची हजेरी जाईन. लई थोडी गरज होती त्याले आता, चौदा-पंधरा दिवसांची. एकचा तास होता. तुम्ही तिकडं जनाजा उचलला असन, साऱ्या गावासमोर माती देऊन राह्यले असान, अन् सरांनी म्हटलं एकेचाळीस, अन् माझ्या तोंडातून निघालं — यस सर. त्याच्याच आवाजात. ठरवलं नव्हतं मी. कोणी वळूनही नाही पाह्यलं. सरांनी खूण केली अन् पुढं गेले. मी तिथंच रडलो चाचा, बाकावर डोकं ठेवून, सरांले वाटलं मी झोपलो. त्यानंतर नाही बोललो. अठरापासून गैरहजर आहे तो.

काय झालं? उठले काऊन? गाडी नाही आली अजून. हाव, सतरा. सतरा तारखेलेच नं माती झाली तुमच्याकडं, दुपारच्या नमाजानंतर? मंग मी तेच तं...

अरे देवा.

नाही, थांबा. चाचा, थांबा नं. वकिलाले सांगायची गोष्ट नाही ही. त्यांनी सोळाचाच उतारा आणला, सतराचं पान कोणी पाह्यलंच नाही, पाहायची गरजही नाही कोणाले. अन् मागवलं रजिस्टर, तं सोळाचीही हजेरी खोटी ठरन, पण पहिला सवाल हाच येईन — मेलेल्या माणसाच्या नावानं बोललं कोण? त्याच्या बाकावर कोण बसे हे साऱ्या कॉलेजाले ठाऊक आहे. मले काढून टाकतीन. सोमवारी परीक्षा आहे हो. माझ्या बाबांले मी काय सांगू? बसा. पाच मिनिटं बसा. मी तुमच्या पाया...

हात कायले जोडता? मले हात जोडता तुम्ही? मी त्याले...

खामगावची गाडी त्या पलीकडच्या फलाटाले लागते. जिना नका चढू, दम लागन. फाटकाजवळून जा, सावकाश. दुपारची मोटार भेटन बुलढाण्याची, वकिलाकडं दिवसाउजेडी पोचान. नाही, मले काही विचारू नका आता. जा. माझी गाडी आली.