शेवटच्या वर्षाची विमानफेरी

कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची लेक उभी होती.

"विमानं बनवायची म्हणतेस आणि बसमध्ये दोन थांबे गेले की पिशवीत तोंड घालतेस."

"म्हणून तर सिव्हिल घेते म्हटलं ना, आई."

"तुला पूल आवडतात?"

"आवडून घेईन."

"अगं, छताला इतकी विमानं टांगलीस की आम्हाला पंखा लावायला जागा ठेवली नाहीस. आणि आता पूल?"

"शेवटच्या वर्षी खऱ्या विमानात बसवून मोजमापं घ्यायला लावतात. सगळ्यांसमोर ओकले तर?"

तोवर त्यांचा नंबर आला होता. टेबलामागच्या प्राध्यापक बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मागच्या खेपेला निम्मा वर्ग ओकला."

"निम्मा?"

"आणि मी. मी दर वर्षीच ओकते."

"अगंबाई. तरी शिकवता?"

"जमिनीवर शिकवते हो. विमानात फक्त बसते."

"ऐकलंस? मॅडम, हिचं विमानच लिहा."

"तिला बोलू द्या."

"मॅडम, खिडकीजवळ तुम्ही बसता?"

"नाही गं बाई, मधे. खाली बघवत नाही."

"मग मी तुमच्या शेजारी बसेन."