खंड्याची चुटकी

हसू नका, पण तेव्हा माझी झोप उडाली होती ती एका कुत्र्याच्या मुतण्यापायी. बार्शीचे चुलतसासरे वारले आणि ह्यांनी त्यांचा थोराड खंड्या सोलापूरला आमच्या दोन खोल्यांत आणला. तो रोज फरशी ओली करायचा, आणि आमची तीन वर्षांची मिनू त्याच फरशीवरचे चुरमुरे वेचून खायची.

"अगं, शिकलेला आहे तो," हे म्हणाले. "काकांनी नुसती चुटकी वाजवली की परसात जायचा. रविवारपर्यंत बघ, नाहीतर बार्शीला सोडून येतो."

मी बी.ए. झालेली, पण चुटकी काही वाजेना. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "बाई, तुमची बोटं नुसती घसरत्यात की! कुत्र्याला काय कळनार?"

शनिवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. गिरणीचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता, घर अगदी शांत होतं. झोपलेल्या खंड्याने एकदम कान टवकारले, उठून थेट परसात गेला आणि काम उरकून शहाण्यासारखा परत आला. मग रोज तसंच. मी हरखून गेले.

"बघितलंस मिनू? शेवटी आईनं शिकवलं की नाही त्याला?"

"तू नाही," मिनू म्हणाली. "तुझी वाजतच नाही. आजोबांची वाजते."

काकांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. उसनं हसू आणून मी विचारलं, "कुठून वाजवतात गं?"

तिनं परसदाराकडे बोट दाखवलं.

"मला पण वाजवतात. पण मी अजून नाही गेले."