मालीशेजारची जागा

विषय — चर्चच्या आवारात, पत्नी माली हिच्या शेजारी, अर्जदाराच्या दफनासाठी जागा मिळण्याबाबत. संदर्भ — याच विषयाचे आधीचे तीन अर्ज. लिहिलंत? बसा की, वॉटकिन, दारात उभं राहून कसं लिहिणार, ते स्टूल चावणार नाही तुम्हाला. कशाला आलात ते ठाऊक आहे मला. चर्चचा कारभारी बेडो परवा वारला, आज त्याला पुरायला न्यायचंय, छातीवर पाव ठेवलाय, बिअरचा वाडगा भरलाय, आणि पाप खाणारा येऊन ते खाऊन मेलेल्याची पापं आपल्या पोटात घेईपर्यंत शवपेटी उचलता येत नाही. थांबेल तो. माझा अर्ज त्याच्या टेबलावर नऊ वर्षं थांबला, त्याला एक दुपार थांबायला काय होतंय?

लिहा. अर्जदार एबन प्रॉसर, वय अडुसष्ट, धंदा — मजूर लिहा. मागच्या वेळी खरा धंदा लिहिला, तर बेडोनं तो चर्चच्या समितीत मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणाला, याच्या पोटात सगळ्या गावाची पापं, हा आत पुरला तर आपली माती नासेल. गावाची म्हणजे कुणाची हो? त्याच्या बापाची मी खाल्ली — तीन शेजाऱ्यांची कुंपणं सरकवली होती म्हाताऱ्यानं, पाव घशाखाली उतरेना. त्याच्या आत्याची खाल्ली — बाई बिचारी निरुपद्रवी, पण पाव शिळा दिला. तुमच्या आजोबांचीही खाल्ली, वॉटकिन — खाली बघू नका, सांगत नाही मी काय होतं ते. आणि खाऊन बाहेर पडलो की मी प्यायलेला वाडगा जाळायचा, मी रस्त्यात दिसलो की पोरं आत ओढायची. जाळा, ओढा, माझं काही म्हणणं नाही. पण मी धुऊन दिलेले सगळे आत झोपणार, आणि मी भिंतीबाहेर, मेलेली मेंढरं पुरतात तिथं? हा कुठला न्याय? तुम्ही हियरफर्डला शिकून आलात, तुम्ही सांगा.

मालीला आत घेतलं, हो. तिनं कुणाचं काही खाल्लं नव्हतं. तिचा पाव कुणी खाल्ला? म्हणजे काय — खाल्ला कुणीतरी. नियम मला शिकवू नका. घरच्यानं घरच्याचं खायचं नाही, खाल्लं तर लागू पडत नाही, पापं मेलेल्यापाशीच राहतात — तुम्ही जन्मायच्या आधीपासून पाळतोय मी ते. पलीकडच्या खोऱ्यातल्या पाप खाणाऱ्याला निरोप धाडला होता. बर्फ पडला, तो आलाच नाही, आणि बाहेर बेडो घड्याळ काढून उभा — आलाय का तो, झालं का, झालं का. दार लावून घेतलं मी. पाव मीच भाजला होता, मनुका घालून, तिला आवडायचा तसा. बसलो तिच्यापाशी आणि खाल्ला. दार उघडून म्हणालो, तो येऊन मागच्या दारानं गेला, झालं. अहो, कसली पापं असणार तिची — शेजारणीची अंडी एकदा उचलली होती, आणि माझ्याशी लग्न केलं. पण जी काय आहेत ती तिच्यापाशीच आहेत ना अजून, तिथं, एकटीपाशी. म्हणून मला तिच्या शेजारी — निदान दोघांत वाटून —

तुम्ही हे लिहिताय?

थांबा. विषय जागेचा आहे. समितीनं हे वाचलं तर उद्या फावडी घेऊन तिलाच बाहेर काढतील. खोडा ते. नीट खोडा, अक्षर दिसतंय अजून. आणा इकडे, मीच खोडतो.

हं.

येतो मी. येतो म्हटलं ना, कोट तर घालू द्या. खातो बेडोची — सगळी खातो, माझा अर्ज नऊ वर्षं दाबून ठेवला तेही आलंच त्यात. माझ्याशी केलेलं पाप, आणि गिळायचंही मीच. त्याच्या बायकोला सांगा, वाडगा काठोकाठ भर. आणि तुम्ही इथं जागेपलीकडे काही ऐकलं नाही. तुमच्या आजोबांबद्दल मीही कुठं काही बोललो नाही, आजवर.

निघा आता पुढे, माझ्याबरोबर चालताना कुणी बघायला नको. खाली तेवढं लिहा — चौथा अर्ज, आज सादर, निर्णय व्हायचा आहे.