आईच्या शनिवारच्या मेणबत्त्या

छे हो, उन्हाचं काय घेऊन बसलात, ऊन तर आमच्या सेव्हिलच्या पाचवीलाच पुजलंय. मला एवढं सांगा, ज्या गावात एकसष्ट वर्षं काढली त्याच गावच्या कॅथेड्रलसमोर 'आत कुठून जायचं' असं विचारायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? तीही आंधळी आई चाकांच्या खुर्चीत पुढ्यात बसलेली असताना? माझ्यावर आली, मे महिन्यात. दारावरची पोरगी एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तशी म्हणते, "काका... पर्यटकांची रांग... तिकडे."

आई म्हणाली, "लेआंद्रो, सांग की तिला, तू दर शनिवारी येतोस म्हणून."

मी उगाच खुर्चीची चाकं तपासायला वाकलो. कारण तुम्हाला सांगतो, मी येत नव्हतो. नऊ वर्षं येत नव्हतो.

त्याचं असं झालं, आईची नजर गेली, पाय गेले, तेव्हापासून दर शनिवारी ती माझ्या हातात खऱ्या मेणाची एक जाडजूड मेणबत्ती ठेवायची. "उजवीकडे चौथ्या देवळीत मारियामाता आहे, तिच्यापुढे लाव. मागायचं ते मी इथून मागते." कुणासाठी, ते मी विचारलं नाही. गेलेल्या बाबांसाठी असणार, दुसरं कोण? पहिल्या शनिवारी निघालो हो मी, अगदी मनापासून निघालो, पण वाटेत फेर्मिनचा बार लागतो त्याला मी काय करू? त्यात शनिवारी त्याच्याकडे पालक घातलेले हरभरे... एक बशी, एक ग्लास, मग वाईट वाटू नये म्हणून आणखी एक ग्लास, तोवर कॅथेड्रल बंद. घरी गेलो. "लावलीस?" आणि मी म्हटलं, "लावली."

झालं. मग दर शनिवारी तेच. "लावलीस?" "लावली." "ज्योत कशी होती रे?" "सरळ, आई, जराही हलली नाही." "आणि बाकीच्या मेणबत्त्या?" "विचारू नकोस, नुसत्या उष्णतेनं घामाघूम झालो." ती माझ्या बाहीचा वास घ्यायची, मेणाचा वास यायचा, खूश व्हायची. यायचाच वास. मेणबत्त्या मी फेर्मिनला द्यायचो ना, तो त्या टेबलांवर लावायचा, आणि परदेशी जोडपी माझ्या आईच्या मागण्याच्या उजेडात हातात हात घालून तळलेले मासे खायची. लाज वाटायची का? वाटायची की. घास घशात अडकायचा. वर थोडी वाइन घेतली की उतरायचा.

आणि मे महिन्यात आईला नव्वद पूर्ण झाली. काय हवं, विचारलं. मला वाटलं शाल मागेल. म्हणाली, "मला तिथे ने. एकदा ती ऊब हाताला लागू दे."

तर ते दार. शेवटी आईच्या चेहऱ्याकडे बघून त्या पोरीनं प्रार्थनेला येणाऱ्यांच्या दारानं आत सोडलं. आत काय तो गारवा, काय ते खांब, शेंडा बघायला जावं तर टोपी मागे पडते, मी खुर्ची ढकलतोय आणि देवळ्या मोजतोय, चौथी कुठून धरायची चौथी? आई म्हणते, "उजवीकडे वळ. आणखी पुढे." ज्याला दिसतंय त्याला आंधळी वाट दाखवतेय.

पोचलो. मारियामाता होती. आणि तिच्यापुढे, तुम्हाला सांगतो, ओळीनं प्लॅस्टिकच्या मेणबत्त्या. विजेच्या. नाणं टाकलं की बारका दिवा लागतो. शेजारी पाटी, धुरानं चित्रं काळी पडतात, मेणबत्त्या आणू नयेत. खाली तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची.

आईनं हात पुढे केला, शेकोटीपुढे धरतात तसा, तळवा उघडून. धरून राहिली. मग म्हणाली, "लेआंद्रो, गार आहे रे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. 'आज गर्दी कमी आहे, आई' हे तोंडात तयार होतं, पण बाहेर येईना. गुडघे टेकले आणि सगळं सांगून टाकलं. फेर्मिन, हरभरे, ती जोडपी, सगळं. इतका वेळ बोलत होतो की एक बाई येऊन माझ्या मागे उभी राहिली, तिला वाटलं पापांची कबुली इथेच घेतात.

"बाबा मला माफ करणार नाहीत," मी म्हटलं.

"बाबांचं काय मध्येच?" आई म्हणाली. "ते साधे होते, सरळ वर पोचले. मेणबत्त्या तुझ्यासाठी होत्या."

"माझ्यासाठी?"

"लहानपणापासून थापा मारतोस. मी गेल्यावर त्या खऱ्या मानून कोण घेईल? म्हणून मागत होते, ह्याचं खोटं बोलणं सुटू दे."

आता तुम्हीच सांगा, सुटणार कसं? एक तरी मेणबत्ती लागली होती का?

तेव्हापासून जातो हो मी, खरंच जातो. फेर्मिनच्या दारावरून मान खाली घालून जातो, नाणं टाकतो, दिवा लावतो. आई अजून बाहीचा वास घेते, आता मेणाचा वास आला नाही की खूश होते. पण परवाच्या शनिवारी गेलो तर देवळीतली वीजच गेलेली. तीन वेळा नाणं टाकलं, काही नाही. घरी आलो. "लावलीस?" तो नव्वद वर्षांचा हात माझ्या बाहीवर. काय सांगणार होतो? म्हटलं, "लावली." तिनं वास घेतला. मेणाचा वास नव्हता. बिचारी खूश झाली.