द्रौपदी अँड सन्स

बसा हो, कंपनी काय पळून जातेय — आधी चहा घ्या, मग बघू. आणि द्रौपदी अँड सन्समध्ये आत्ता जाऊन करणार काय तुम्ही, साडेअकरा वाजलेत, सगळे मीटिंगमध्ये असतील. लांब नाही तशी, इथेच काजूपाड्यात, पण रस्ता खणलाय, रिक्षा जात नाही. तुम्हाला पुरस्कारासाठी आमचं स्वयंपाकघर बघायचंय ना — मग बघा की, हे काय, समोर आहे. गंधालीने बजावलंय मला, विमलमावशी, समितीचे विद्याधर साहेब येतील, सगळं दाखव, फक्त जास्त बोलू नकोस. मी कधी जास्त बोलते? आमच्या मंडळात कॉम्प्युटर समजणारी ती एकटी, बाकी आम्ही चाळीस बायका पोळपाटवाल्या, म्हणून तिचं ऐकावं लागतं.

तर हे मशीन — एआय म्हणतात, मी मशीनच म्हणते — हे रोज सकाळी पाचला फोनवर सांगतं, आज कांदिवलीच्या ऑफिसांना एवढे डबे, बोरिवलीला एवढे, तांदूळ इतका, डाळ इतकी. पूर्वी आम्ही अंदाजाने चारशे डबे करायचो आणि संध्याकाळी बादल्याच्या बादल्या कचऱ्यात. आता शुक्रवारी कुठलं ऑफिस घरूनच काम करतं, मॅच असली की कोण दांडी मारतं, सगळं त्याला पाठ. महिन्याला सात सिलिंडर कमी लागतात, चिठ्ठ्यांचा कागद तर बंदच झाला. सुरुवातीला धांदरट होतं हो — अंगारकीला म्हणे चारशे डबे करा. मी म्हटलं, बाळा, आज अर्धी बोरिवली उपाशी आहे. मग मी आणि गंधालीने बसून त्याला वर्षाचे उपास शिकवले, दोन दिवस लागले, तेव्हा कुठे ते माणसात आलं. म्हणजे शिकवणारं कुणीतरी लागतंच ना? लागतंच. हे लिहा.

आणि ते पातेल्याखाली काटा दिसतोय ना, तो थेट फोनला जोडलाय. मूठभर भात जास्त झाला की लाल दिवा. इथेच माझी पंचाईत झाली — कारण आमच्याकडे रीत होती, तांदूळ मापून झाले की दर पातेल्याला एक मूठ वरची टाकायची, न मोजता. द्रौपदीआक्काने घातलेली रीत, मंडळाची पहिली शेगडी तिच्या घरची, आता एक्याऐंशीची आहे, डोळ्यांनी दिसत नाही तिला —

काय म्हणालात? हो, द्रौपदीच. नाही नाही, कंपनीची द्रौपदी वेगळी. म्हणजे… नाव सारखं आहे. असतात की सारखी नावं.

असं बघू नका हो माझ्याकडे. बरं, ऐका, पण ते पेन जरा खाली ठेवा. त्या वरच्या मुठीतून आमच्या म्हाताऱ्या जेवायच्या. तीस-तीस वर्षं इथे पोळ्या लाटून ज्यांचे हात गेले, गुडघे गेले, त्या अकरा जणी. कुणी दया म्हणून नाही द्यायचं, उरलंय तर ने गं म्हणायचं, आणि त्याही मानाने न्यायच्या. मशीन आलं आणि पंधरा दिवसांत काही उरेनाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, अध्यक्षीणबाईंनी भाषण केलं — आणि मी आपली अकरा रिकामे डबे घेऊन तिथे मोरीपाशी उभी. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. मशीनला मी काय सांगणार, मूठ म्हणजे काय? त्याला गिऱ्हाईक कळतं. मग म्हटलं, गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक. बसले फोन घेऊन आणि टाकली गिऱ्हाइकांच्या यादीत एक कंपनी. नाव विचारलं, आक्काचं नाव दिलं, अँड सन्स आपलं भारदस्त वाटतं म्हणून — तिला तीन मुलीच आहेत, ते सोडा. बिल कोण भरतं ते विचारू नका, ते भरलं जातं.

आणि मशीन बघा कसं गुणाचं, महिन्याभरात त्याने ओळखलं की या कंपनीत तिखट चालत नाही, भात मऊ लागतो, पोळी नको. आता आपणहून सांगतं, द्रौपदी अँड सन्सला मऊ भात. पोटच्या पोरांना नाही कळलं ते त्याला कळलं, की या कंपनीत कुणाला दात नाहीत. फक्त एवढा घोळ घातला त्याने — तेव्हापासून त्यांचं अन्न एक शीतही परत येत नाही, म्हणून यादीत सगळ्यात वर नेऊन बसवलं, आदर्श कंपनी म्हणून. गंधालीने तीच यादी तुम्हाला पाठवली, तिला बिचारीला काय ठाऊक. आणि तुम्ही नेमकी तीच बघायला आलात. आता पुरस्कार नका देऊ हवं तर. पण अन्न वाया गेलं असं लिहू नका, आणि ते गिऱ्हाईक काढायला लावू नका, एवढंच. अकरा म्हाताऱ्या आहेत, दुसरं काही नाही.

काय, कागदावर बारा आहेत? दाखवा.

…मशीनची चूक असेल.

नाही, मशीन कशाला चुकेल. सोमवारी एक नाव वाढवलं मी. हा उजवा हात बघा — बशी धरलीय तरी कसा थरथरतोय. चार महिने झाले. अजून कुणाला दिसलेलं नाही, मी डाव्याने वाढते. दिवाळीपर्यंत रेटेन, पुढे काय ते… म्हटलं आत्ताच नाव घालून ठेवावं, मशीनला वेळ लागतो ना माणूस शिकायला. मला मऊ भात नाही आवडत, फडफडीत लागतो, ते कळायला हवं त्याला.

गंधालीला सांगू नका हं.

चला, उठा आता, चहा गार झाला तुमचा. ती डब्यांची पिशवी घ्या, जड आहे, दोन्ही हातांनी धरा. काजूपाड्यात शिरलात की कुणालाही विचारा, आक्का दारातच बसलेली असेल. तिला सांगा, आज उरलं होतं.