मार्नीची पत्रं

—नाही हो, कागद दिला मीच, पण पेन जरा थांबवा. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या, त्यामुळे आज खरं बोलायची लहर आलीय. नाव-ईमेल लिहिलंत की छोटी बाटली फुकट, हे खरंच आहे, बाटली घ्या, क्विन्स नावाच्या आंबट फळाचा मुरंबा आहे, आमच्याच झाडाचा. पण लिहिण्याआधी ऐका. महिन्याला एक पत्र येतं माझं, ईमेलवर. सुरुवातीला कोण वाचायचं? माझ्या नवऱ्याच्या, कॅलमच्या, दोन मावश्या आणि चुकून यादीत शिरलेला एक प्लंबर. मी लिहायचे मुरंबा किती दिवस टिकतो, चटणी कशाबरोबर खावी. विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेली बाई मी, आणि माझी पत्रं उघडायलासुद्धा कुणी तयार नाही — किती जणांनी उघडलं ते दिसतं ना आपल्याला, फार वाईट सोय आहे ती.

मग माझे सासरे गेले. आमची मार्नी तेव्हा चारची. आजोबांना पॉप म्हणायची ती. दफनाहून येताना गाडीत मला म्हणाली, "मम, पॉपचा चष्मा घरीच राहिला, आता त्याला वाट कशी दिसेल?" मी ते पत्रात लिहिलं. सहजच — नाही, सहज कसलं, चांगलं तीनदा खोडून लिहिलं. लोक रडले. एकीने दुसरीला पाठवलं, दुसरीने तिसरीला, होबार्टपासून पार पर्थपर्यंत यादी वाढत गेली. सासूबाईंनाही ते पत्र गेलं, यादीत त्याही होत्याच. त्याच पत्राच्या खाली चटणीवर सूट होती. सासूबाई मला चार शब्द रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे मग दर महिन्याला मार्नी. मार्नी आणि गोगलगाय, मार्नी आणि दात. लोक मुरंब्यासाठी नाही हो येत, तिच्यासाठी येतात, आणि जाताना मुरंबा नेतात. कॅलम विचारतो, "अगं, तू चटणी विकतेस की पोरगी?" मी म्हणते, गप रे, घराचे हप्ते तुझ्या विनोदांवर नाही फिटत. तिची कोंबडी मेली ना, पांढरी, लाडकी — पोर माझ्या कुशीत हमसून हमसून रडतेय, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत मनात म्हणतेय, आता बोल काहीतरी, बोल. — हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

आणि मागच्या बाजारात, इथेच, एक बाई आल्या. चांगल्या होत्या, प्रेमळ. वाकून मार्नीला म्हणाल्या, "काय गं राणी, आता गादी कोरडी असते ना?" — हो, तेही लिहिलं होतं मी. गमतीने. मार्नीने त्यांच्याकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बस. तेव्हापासून काही सांगत नाही. शाळेतून आणताना विचारते, काय झालं आज? — काही नाही. डबा कुणाबरोबर खाल्लास? — माहीत नाही. मला वाटलं, मुखदुर्बळ झाली. तर तिच्या बाई, मिस पेट्रॅकिस, म्हणतात, "अहो, वर्गात तोंडाला खीळ नाही तिच्या!" म्हणजे सगळ्यांशी बोलते. फक्त माझ्याशी नाही. मंगळवारी पत्र जायचंय, आणि माझ्याकडे — बघा, पुन्हा तेच! पोर दुरावली म्हणून झोप उडाली की पत्र कोरं आहे म्हणून, हेच मला कळत नाही. कसली आई म्हणायची ही?

म्हणून म्हणते, नका लिहू. बंदच करून टाकते यादी. करीन. मंगळवारनंतर करीन.

ती? ती काय, टेबलाखाली बसलीय, खोक्यावर काहीतरी काढतेय सकाळपासून. मी वाकले की हाताने झाकते. तुम्ही विचारून बघा ना — मी ऐकत नाही, मी तिकडे बाटल्या लावते. विचारा, काय काढतेस म्हणून. मार्नी, या आजी काय विचारतायत बघ, बेटा.

"आधी त्या कागदावर तुमचं नाव लिहा. मग सांगते."